चुकलेली मात्रा आणि राहिलेली वर्दी



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने काहीसा भव्य विषय निवडावा, निदान त्याच्या शीर्षकात संस्कृती, समाज किंवा भवितव्य यांपैकी एखादा भारदस्त शब्द असावा, असा संकेत आपल्याकडे रूढ आहे. तो मोडून, वृद्धाश्रमातल्या एखाद्या आजोबांची सकाळची गोळी राहिली तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानांवर कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत घालावी, एवढ्याच प्रश्नावर बोलण्याची परवानगी मी मागितली, तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांच्या मुद्रेवर जी शंका उमटली ती मला अस्थानी वाटली नाही. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गृहस्थ स्वतः वैद्यकव्यवसायी होते, आणि आयुष्यभर ज्याने रोग्याच्या उशाशी बसून नाडी पाहिली त्याच्या स्मृतीला अशा क्षुल्लक भासणाऱ्या विषयाचे वावडे नसावे, अशी माझी समजूत आहे.

बेळगावातील माधवपूर वडगाव ही विणकरांची वस्ती. ओसरीवर माग आणि माजघरात तीन पिढ्या, अशी ज्या घरांची मांडणी होती त्या घरांत म्हातारे माणूस एकटे पडत नसे. याचा अर्थ त्याची शुश्रूषा उत्तम होत असे असा मात्र मी घेत नाही, कारण गर्दी आणि देखभाल या दोन गोष्टी एकच नव्हेत, आणि जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या कुटुंबातल्या अंथरुणाला खिळलेल्या आत्याबाईंना विचारून पाहिलेले असते. आता हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, यंत्रमागालाही वाईट दिवस आले, मुले पुण्याला, बंगळूरला, आखातात गेली, ती आषाढात मंगाईच्या यात्रेला येतात आणि परत जातात; आणि मागे राहिलेल्या वृद्धांसाठी शहराच्या आसपास वृद्धाश्रम व शुश्रूषागृहे निघाली. ही संस्था आपल्यात नवी असल्यामुळे तिच्या रीतिभाती अजून बसलेल्या नाहीत. घरातल्या म्हाताऱ्याची गोळी चुकली तर ती सुनेला ठाऊक असे आणि डॉक्टर गल्लीतच असत. आश्रमातील वृद्धाची गोळी चुकते ती रात्रपाळीच्या मावशींच्या हातून, तिची कुणकुण दिवसपाळीच्या मावशींना असते किंवा नसते, व्यवस्थापकांना ती सांगितली जात नाही, डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येतात, आणि मुलगा रविवारी दूरध्वनी करतो. इतक्या हातांमधून जाताना बातमी वाटेतच जिरते, हे आजच्या विवेचनाचे मूळ होय.

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनी केला नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. या प्रत्येकाचे चार-चार गुण तेथे दिलेले असून, रोग्याच्या गुणांत स्मृती, वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणे, अभीरुत्व म्हणजे निर्भयपणा, आणि ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नीट सांगण्याचे सामर्थ्य, यांची गणना केलेली आहे. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, ममता आणि शुचिता असावी अशी अपेक्षा आहे. आता आश्रमातील खाटेवरचा वृद्ध पाहा. त्याची स्मृती क्षीण झालेली असते. सांगितलेले पाळणे त्याच्या हाती उरलेले नसते, कारण गोळ्यांचा डबा कपाटात आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असते. वाचा गेली असेल तर ज्ञापकत्वही गेले. म्हणजे रोग्याने ज्या गुणांचा भार वाहावा अशी चरकाची कल्पना होती, ते सगळे गुण आता शुश्रूषा करणाऱ्याच्या खांद्यावर येऊन पडतात, आणि त्यांत निर्भयपणाही येतो. माझ्या मते आपल्या संस्था नेमका हाच गुण प्रथम मारून टाकतात.

प्रथम चुकलेल्या मात्रेचे स्वरूप पाहू, कारण सर्व गोळ्या एका मापाने मोजता येत नाहीत. थायरॉइडची गोळी एक दिवस राहिली तर सहसा काहीही होत नाही. त्या औषधाचा अंश शरीरात निम्म्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो. याउलट कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णाची लेव्होडोपाची मात्रा तासभर लांबली तरी त्याचे अंग ताठरू लागते, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते, आणि घास गिळणे अवघड होते. मग गोळी राहिल्यामुळे गिळता येत नाही व गिळता येत नसल्यामुळे पुढचीही गोळी राहते, असे दुष्टचक्र सुरू होते. ब्रिटनमधील पार्किन्सन रुग्णांच्या संस्थेने रुग्णालयांत व आश्रमांत ही एकच गोळी घड्याळाच्या काट्यावर मिळावी म्हणून स्वतंत्र मोहीम चालविली, ती उगीच नव्हे. अपस्माराच्या, ज्याला आपण फिटची गोळी म्हणतो तिच्या, मात्रा राहिल्या तर पुन्हा झटके येऊ शकतात, आणि ते थांबेनासे झाले तर प्राणावर बेततात. क्लोनिडीनसारखे रक्तदाबाचे औषध एकाएकी तुटले तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. हृदयरोग्याचे मेटोप्रोलोलसारखे औषध अचानक थांबले तर छातीत कळ येण्याचा, क्वचित हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो. महिनोगणती प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या शरीरातील अधिवृक्क ग्रंथी आपले काम विसरलेल्या असतात, त्यामुळे ती गोळी दोन-चार दिवस न मिळाल्यास वांत्या, ग्लानी आणि रक्तदाब कोसळणे असा प्रकार घडतो, व तो पोटाचा बिघाड समजून ओव्याच्या पाण्यावर काढला जातो.

याच्या अगदी उलट, काही गोळ्या चुकलेल्या नसून ठरवून वगळलेल्या असतात. डिगॉक्सिन आठवड्यातून पाचच दिवस देण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळ डॉक्टरांनी पाळली. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, आणि ते चुकून रोज दिले गेल्यास रक्त व तोंडाची त्वचा उद्ध्वस्त होऊन माणूस दगावू शकतो. नव्या मावशींना सोमवारची गोळी मंगळवारी डब्यात दिसत नाही म्हणून त्या ती राहिली असे समजून देतात, यात त्यांचा हेतू वाईट नसतो. राहिलेली गोळी दुप्पट करून भरून काढावी, ही आणखी एक घरगुती समजूत. ती बहुतेक औषधांच्या बाबतीत चूक आणि इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत घातक आहे.

इथवरचे विवेचन कोणत्याही औषधविक्रेत्याच्या दुकानात ऐकायला मिळेल. मला विशेष सांगावयाचे आहे ते यापुढचे. गोळी चुकल्याने जे नुकसान होते त्यापेक्षा अधिक नुकसान पुष्कळदा ती चुकल्याचे डॉक्टरांना न कळल्याने होते, कारण डॉक्टर पुढचा निर्णय ज्या गृहीतावर घेतो ते गृहीतच खोटे असते. समजा, एका आश्रमातील ऐंशी वर्षांच्या गृहस्थांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. मुलाने पैसे पाठविण्यास चार दिवस लावले, व्यवस्थापकांनी दुकानदाराला निरोप देण्यास आणखी दोन दिवस लावले, आणि या काळात वहीत मात्र नेहमीप्रमाणे खुणा होत राहिल्या, कारण खुणा गोळी न पाहताच करण्याचा प्रघात होता. सातव्या दिवशी डॉक्टरांची फेरी झाली. रक्तदाब १८० वर १०० भरला. डॉक्टरांनी वही पाहिली, खुणा पाहिल्या, आणि चालू औषध पुरत नाही असा त्या परिस्थितीत पूर्णपणे तर्कशुद्ध निष्कर्ष काढून दुसरे औषध जोडले. त्याच संध्याकाळी जुन्या गोळ्या आल्या, नव्याही आल्या, आणि एका कर्तव्यदक्ष मावशीने दोन्ही चोख दिल्या. तीन दिवसांनी पहाटे आजोबा लघवीला उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, मोरीच्या उंबऱ्याशी पडले, आणि खुब्याचे हाड मोडले. या प्रकरणाचे दप्तर तपासले तर त्यात कोणाचाही कसूर सापडणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी योग्य, वहीतील खुणा पूर्ण, गोळ्या दिल्या गेल्या, आणि म्हातारपणी माणसे पडतातच.

असेच फेनिटोइनच्या बाबतीत घडते. मात्रा राहिल्या म्हणून झटका आला, डॉक्टरांना ते कळले नाही, त्यांनी मात्रा वाढविली. आणि या औषधाचा स्वभाव असा की विशिष्ट मर्यादेनंतर मात्रा थोडी वाढविली तरी रक्तातील प्रमाण अतोनात वाढते, म्हणून पुढे नियमित गोळी मिळू लागताच रोगी झिंगल्यासारखा चालू लागतो व त्याचे बोलणे जड होते. वॉर्फरिन घेणाऱ्याचे रक्त तपासणीत घट्ट आढळले, कारण तीन मात्रा राहिल्या होत्या. मात्रा वाढली, आणि पुढील पंधरवड्यात नाकातून किंवा लघवीतून रक्त. आपल्यापैकी ज्यांनी मागावर बसून काम केले आहे त्यांना सांगावयास नको की ताण्याचा धागा तुटला तर माग थांबवून तो तेथेच सांधावा लागतो. न थांबता विणत गेलेल्याचा दोष पुढच्या हातभर कापडात उतरतो, आणि मग तो कोठून सुरू झाला हे नफा-तोट्याच्या वेळीच कळते.

मग ही वर्दी दिली का जात नाही? आळस हे कारण मी फार खालच्या क्रमांकावर ठेवतो. इंग्लंडमध्ये ५५ आश्रमांतील २५६ वृद्धांच्या औषधोपचाराची बारकाईने पाहणी होऊन तिचा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या वृद्धांना सरासरी आठ औषधे चालू होती. त्यांपैकी १७८ जणांच्या बाबतीत एक वा अधिक चुका आढळल्या, आणि हातात गोळी देण्याच्या टप्प्यावरील चुकांत जवळजवळ निम्म्या चुका मात्रा राहून जाण्याच्या होत्या. ध्यानात घ्या, हे त्या देशातील वर्णन आहे, जेथे प्रत्येक आश्रमावर सरकारी तपासनीसांची देखरेख असते. पाहणी करणाऱ्यांनी कारणे दिली तीही बोलकी आहेत : डॉक्टर सहज भेटत नाहीत, भेटतात तेव्हा त्यांना त्या वृद्धाची ओळख नसते, सेवकवर्गावर कामाचा बोजा फार, गोळ्या वाटताना मध्येच कोणी ना कोणी हाक मारते, आणि आश्रम, दवाखाना व औषधाचे दुकान ही तीन ठाणी परस्परांशी बोलत नाहीत.

आपल्याकडे याला भीतीची जोड मिळते. ज्या मावशी सकाळी सातला येऊन वीस जणांची अंघोळ, कपडे, न्याहारी आणि गोळ्या उरकतात, त्यांचा पगार, त्यांचे शिक्षण आणि डॉक्टरांची प्रतिष्ठा यांत एवढे अंतर असते की "साहेब, परवाची गोळी राहिली" हे वाक्य उच्चारणे त्यांना नोकरीचा राजीनामा देण्यासारखे वाटते. एखाद्याने ते उच्चारलेच, तर डॉक्टर काय करतात? माझ्या व्यवसायबंधूंविषयी आदर राखून मी म्हणेन की आम्हांपैकी अनेक जण प्रथम ओरडतो. "मग मी इथे येतो कशाला?" हा आमचा आवडता प्रश्न आहे. तो ज्याने एकदा ऐकला तो पुन्हा कधी खरे सांगत नाही, आणि त्यानंतर त्या आश्रमातील प्रत्येक वही निर्दोष दिसू लागते. जेथे एकही गोळी कधी चुकत नाही अशा आश्रमाची वही माझ्यासमोर आली तर मी ती संशयानेच उघडीन.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की गोळी राहिल्याची नोंद आणि दोषी व्यक्तीचा शोध यांची फारकत झाली पाहिजे. डॉक्टरांना कोणी चूक केली हे कळण्याची गरज नसते. कोणाची, कोणती, किती शक्तीची, केव्हाची, किती वेळा राहिली, राहण्याचे कारण काय, त्यानंतर काय दिले गेले, आणि या क्षणी रोगी कसा आहे, एवढे त्यांना हवे असते. कारण महत्त्वाचे, कारण त्यावरून उपाय ठरतो : गोळी संपली होती, की रोग्याने थुंकून टाकली, की तो झोपेत होता, की नाकारली, की गिळता आली नाही. "आजींनी गोळ्या नीट घेतल्या नाहीत" हा शेरा कोणत्याच उपयोगाचा नाही. "कमलाबाई, खोली चार, फेनिटोइन १०० मिलिग्रॅम, काल रात्रीची आणि आज सकाळची, उलट्यांमुळे पोटात राहिली नाही, आता शुद्धीवर आहेत, झटका नाही, पुढची गोळी कशी द्यावी?" एवढे बोलण्यास अर्धे मिनिट लागते, आणि दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाचा डॉक्टर जेवणाच्या ताटावर असला तरी त्याला उत्तर देता येते. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर निरोप तुटक जाऊ नयेत म्हणून परिस्थिती, पूर्वपीठिका, अनुमान आणि मागणी अशा चार टप्प्यांची पद्धत बसविली गेली, व ती पुढे तेथील रुग्णालयांनी परिचारिकांना शिकविली. आपल्या मामलेदार कचेरीत ज्यांनी कधी कैफियत लिहिली असेल त्यांना या क्रमात नवल वाटणार नाही. त्यातील शेवटच्या टप्प्यावर माझा भर आहे. नुसती हकिकत सांगून गप्प बसू नये, काय हवे ते मागावे. आणि डॉक्टरांनी जे तोंडी सांगितले ते मावशींनी त्यांना परत वाचून दाखवावे, कारण पन्नास आणि पंधरा यांतील अंतर खराब दूरध्वनीवर फार थोडे असते.

सीमाभागात या वर्दीपुढे आणखी एक अडथळा असतो. वृद्ध मराठी बोलतो. मावशी बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडच्या, त्यांचे लिहिणे-वाचणे कानडी. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, त्यावर '१-०-१' असे आकडे. व्यवस्थापकांची वही मराठीत. भाषांच्या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे, त्यासाठी १९५६ पासून पुष्कळ स्थळे उपलब्ध आहेत. माझी सूचना अगदी साधी आहे : प्रत्येक वृद्धाच्या पानावर गोळ्यांच्या पाकिटाचा नाव छापलेला तुकडा कापून चिकटवावा, आणि दूरध्वनीवर नाव सांगताना छापील अक्षरे एकेक करून सांगावीत. निपाणीकडील वृद्धांच्या बाबतीत तर दोन राज्यांचे डॉक्टर असतात. कोल्हापूर जवळ, म्हणून हृदयाचे डॉक्टर तिकडचे. बेळगाव जिल्ह्याचे ठिकाण, म्हणून कागदपत्रे व दुसरी फाईल इकडची. दोघांनी एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी लिहून दिलेले असते, आणि त्यांतील एक राहिले तर आश्रमात घबराट होते, दोन्ही दिली गेली तर कोणालाच पत्ता नसतो. जुन्या कारकुनीत महिन्याच्या शेवटी रोजकीर्द आणि शिल्लक यांची रुजवात घालीत. गोळ्यांची तशी रुजवात आठवड्यातून एकदा घालावी : दिल्या म्हणून लिहिलेल्या किती, पाकिटात उरलेल्या किती. आकडे जुळत नसतील तर डॉक्टर येण्यापूर्वी ते त्यांना कळवावे, त्यांनी रक्तदाब मोजल्यानंतर नव्हे.

आता एका अशा प्रकाराविषयी थोडे अधिक बोलतो की ज्यात गोळी विसरली जात नाही, तर श्रद्धेने राहते. चिठ्ठीवर 'जेवणानंतर' असे लिहिलेले असते. एकादशीला जेवण नसते. सबब गोळीही नसते. हा युक्तिवाद आपल्या वृद्ध भगिनींच्या मनात इतका पक्का असतो की त्याला त्या चूक मानीतच नाहीत, आणि डॉक्टरांनी "गोळ्या चुकवता का?" असे विचारले तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात. महिन्याच्या दोन एकादशा, एक संकष्टी, आणि नवरात्राचे नऊ दिवस यांचा हिशेब मांडला तर वर्षाकाठी राहणाऱ्या मात्रांची संख्या लहान भरत नाही. याहून नाजूक बाब अशी की उपवासाच्या दिवशी रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवावयाची असते, परंतु ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी पोटात अन्न नसताना घेतल्यास साखर धोकादायक रीतीने उतरते. म्हणजे सगळ्या गोळ्या घ्या हा हुकूम जितका चुकीचा तितकाच सगळ्या सोडा हाही. आपल्या भागातील जैन कुटुंबांतून, विशेषतः निपाणी, बोरगाव, चिकोडीकडे, सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचे व्रत अनेक वृद्ध कटाक्षाने पाळतात, आणि त्यांच्या चिठ्ठीवर रात्री नऊची गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ती गोळी कधीच पोटात जाणार नाही अशीच व्यवस्था केलेली असते. रमजानच्या महिन्यात मुसलमान वृद्धांचेही तेच. या बाबतीत व्रताची थट्टा करणारा डॉक्टर आणि व्रत लपवून ठेवणारा सेवक, दोघेही सारखेच निरुपयोगी. जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' १९७३ पासून घरोघरी भिंतीवर आहे. एकादशी अचानक येत नाही. आदल्या फेरीलाच डॉक्टरांना विचारून ठेवावे की येत्या उपवासाला यांतली कोणती चालू, कोणती बंद, आणि रात्रीची कोणती सूर्यास्तापूर्वी सरकवता येईल. ज्या वृद्धाची बुद्धी शाबूत आहे तो गोळी नाकारीत असेल, तर तो त्याचा अधिकार आहे. भाजीत कुस्करून फसवून देण्याऐवजी नकाराची नोंद करून ती डॉक्टरांना कळविणे, आणि त्यांनी स्वतः येऊन त्याच्याशी बोलणे, हाच मार्ग. शिवाय पुष्कळ गोळ्या कुस्करण्यासाठी नसतात, हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनविलेली गोळी कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते.

डॉक्टर नसलेल्या माणसांकडून एवढी शिस्त होणार नाही, असा आक्षेप माझ्यासमोर नेहमी येतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. याच बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने, २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींवर एक प्रयोग झाला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, मूल जन्मल्याबरोबर लगेच, डॉक्टरांनी नव्हे तर सहायक परिचारिकांनी द्यावयाच्या आणि गेलेले रक्त मोजून नोंदवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. ज्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळाल्या त्यांच्यापैकी १२ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, ज्यांना औषध मिळाले त्यांच्यापैकी ६.४ टक्के, आणि २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे छापून आल्यावर बेळगावचे नाव जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांना परिचित झाले. कंदिलाच्या उजेडात, मिनिटांच्या हिशेबाने गोळी देऊन तिची खरी नोंद करणाऱ्या त्या परिचारिका याच मातीतल्या होत्या. त्यांना शिकविले गेले होते, आणि त्यांनी लिहिलेले कोणी तरी वाचीत होते, एवढाच फरक. त्याआधीचा दाखला हवा असेल तर मद्रासच्या क्षयरोग केंद्राचा घ्या. रोग्याने घरी राहून घेतलेले औषध आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरते, हे त्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले. परंतु त्याच वेळी रोगी गोळी घेतली म्हणतो आणि घेतलेली नसते, हे त्यांनी गृहीत धरले, आणि अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली. रोग्यांना खोटे ठरविण्यासाठी हे केलेले नव्हते. उपचार फसला की गोळीच चुकली, याचा निवाडा त्यावाचून होत नव्हता.

कायद्याकडून मी फार अपेक्षा करीत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आपल्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा असे म्हणतो, आणि तेथील वैद्यकीय सेवेची प्रमाणे ठरविणे राज्य सरकारच्या योजनेवर सोपवितो. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या छापील इंग्रजी अक्षरांत लिहावे असा वैद्यक परिषदेचा नियम २०१६ पासून आहे; तो कितपत पाळला जातो हे आपल्या घरच्या चिठ्ठ्या पाहून आपणच ठरवा. नियमापेक्षा डॉक्टरांच्या प्रश्नाने अधिक काम होते. "गोळ्या वेळेवर देता ना?" या प्रश्नाला एकच उत्तर संभवते. "या पंधरवड्यात कोणाकोणाच्या कोणत्या गोळ्या राहिल्या?" असे विचारले, आणि उत्तर ऐकून कपाळाला आठी न घालता "बरे झाले सांगितलेत" म्हटले, तर दुसऱ्या फेरीपासून त्या आश्रमाची वही खरी होऊ लागते. त्याचप्रमाणे चिठ्ठी लिहितानाच तिच्या खाली डॉक्टरांनी लिहून ठेवावे की यांतली कोणती राहिली तर मध्यरात्री उठवा, कोणती राहिली तर सकाळी सांगा, आणि कोणती राहिली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबले तरी चालेल. हे तीन ओळींचे काम आहे. त्यावाचून बिचाऱ्या मावशींनी थायरॉइडच्या गोळीसाठी डॉक्टरांची झोप मोडावी आणि फिटच्या गोळीसाठी मोडू नये, याला जबाबदार आपणच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण, आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही होत राहील अशी तजवीज कशी करावी, याच एका विषयाला दिले आहे. आमच्या आश्रमांतून बहुतेक मात्रा राहतात त्या पाळी बदलताना, सणावारी आणि मावशी गावी गेल्यावर. वहीतील कोरी जागा पुढच्या पाळीला दिसली तर ती भरली जाते, आणि खोट्या खुणेने झाकली असेल तर झाकलेलीच राहते.

म्हणून या व्यासपीठावरून तीन ठिकाणी माझी विनंती आहे. आश्रमचालकांनी पृष्ठांकित, बांधीव वही घालावी, खूण गोळी तोंडात गेल्यावरच करावी, आणि राहिलेल्या गोळीची नोंद करणाऱ्याला कधीही जाब विचारणार नाही असे आपल्या सेवकांना लेखी द्यावे. दूरगावी राहणाऱ्या मुलामुलींनी रविवारच्या दूरध्वनीत आईच्या तब्येतीबरोबर या वहीचीही चौकशी करावी, आणि गोळ्यांचे पैसे त्या संपण्याच्या दहा दिवस आधी पाठवावेत. आणि वडगाव-शहापूर भागात व्यवसाय करणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांनी आपापल्या आश्रमासाठी रोज अर्ध्या तासाची एक वेळ मुक्रर करावी, ज्या वेळी मावशींचा दूरध्वनी आला तर तो कंपाउंडरने न उचलता त्यांनी स्वतः उचलावा. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहांकडे आपले नाव व सोयीची वेळ लिहून द्यावी. ती यादी या भागातील आश्रमांकडे पोचविण्याचे काम त्यांनी पत्करले आहे.